चष्मा काढून बस

सांगली,
ता. ९ जानेवारी १९४९

तीर्थस्वरूप लालासाहेब मामा यांना मनूचा नमस्कार. मामींनाही सांगा.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचलं. लोणंदचं स्थळ, मुलगा जोतीराम, पलटणीतून परत आलेला, उसाची शेती, घरात तो आणि त्याची आई राहीबाई. सगळं छानच लिहिलंय तुम्ही. पण शेवटची ओळ वाचली आणि अंगाची नुसती आग झाली. “मुलाच्या आईला चष्मेवाली पोरगी चालत न्हाई. कार्यक्रमाला चष्मा काढून बस.”

मामा, कराडचं स्थळ विसरलात का हो? तेव्हाही तुम्ही माझा चष्मा काढून घेऊन स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला होता. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि खांबाला टेकवलेल्या शेंगांच्या पोत्याला मुलाची आई समजून वाकून नमस्कार केला. त्या लोकांनी नकार कळवला तो चष्म्यापायी नव्हे, पोत्यापायी. तुम्ही गाडीत हसत होता. मी मात्र घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

बाबा गेल्यापासून माझं सगळं तुम्हीच बघत आलात, ते मी विसरले नाही. तुमच्याच जोरावर मी मास्तरीण झाले. पण ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याचं तोंड मला आधी स्वतःला बघायचंय. चष्म्याशिवाय मला माझ्या नाकाच्या टोकापलीकडे सगळा धुरळा दिसतो. मग मी कुणाला होकार देणार, धुरळ्याला?

आता ऐका. आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा भाऊ मुंबईला डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे कामाला आहे. डॉक्टर विलायतेत शिकून आलाय आणि चष्म्याऐवजी एक नवीच वस्तू देतो. तिला कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. पावलीएवढी पातळ, पारदर्शक वाटी असते, चष्म्याचा नंबर त्या वाटीतच. ती पापण्यांच्या आत, थेट डोळ्यावर बसवायची. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

घालून बघावी की आपला चष्माच बरा, हे माझं अजून ठरत नाही. भीती वाटतेच. आईला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही काय म्हणता ते कळवा. पण नुसतं “चष्मा काढून बस” एवढंच म्हणणार असाल तर मी कोरेगावला येणार नाही.

तुमची,
मनू

—

कोरेगाव,
संक्रांत, १४ जानेवारी

मनू,

तिळगूळ घे, आदी ग्वाड हो आन् मग मामाच्या शिव्या खा.

अगं ए, तुजं डोस्कं ठिकाणावर हाय का? डोळ्यात काच! पत्र वाचता वाचता हातातला चहा धोतरावर सांडला. मामीला वाचून दाखीवलं तर ती तशीच उठून देवापुढं जाऊन बसली. डोळ्यात कुसळ ग्येलं तर माणूस दिवसभर वरडतंय, आन् तू पावलीएवढी वाटी घालनार? कुनी सांगितलं तुला ह्ये? त्या मोठ्या बाईला म्हणावं, आदी तुज्या सोताच्या डोळ्यात घाल.

आमी पलटनीत उगं दिवस काढलं न्हाईत. डोळ्यात काच ग्येलेली पोरं म्या बघितल्यात. ती वरड अजून कानात हाय. त्या काचंचं नाव पुन्यांदा माज्यापुढं काढू नगंस.

आन् तुला बघायचं काय हाय गं एवढं? म्या बघितलाय की पोरगा! मामानं बघितलं म्हंजे तू बघितलं. तुज्या मामीला म्या अंतरपाट बाजूला झाल्यावर पयल्यांदा बघितली, काय वाकडं झालं आमचं? (मामी म्हनती, लय झालं. तिच्याकडं ध्यान दिऊ नगंस.)

पोरगं सोनं हाय, मनू. त्याचा बाप आन् मी एका तंबूत झोपलेलो. जाताना माजा हात धरून म्हनाला, लाला, पोराकडं बघ. त्या पोरात म्या कवा खोट बघितली न्हाई. फोटू मागशील, तर फोटू न्हाई. लाजाळू हाय, काढून घेत न्हाई.

चष्मा काढून बस. घटकाभराचा तर परश्न हाय. मी वाईट सांगीन व्हय तुला?

लालासाहेब मामाचा आशीर्वाद

—

सांगली,
ता. ६ फेब्रुवारी

मामा, साष्टांग नमस्कार, आणि आधीच माफी मागते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मुंबईची तिकिटं काढून झाली होती. आईला बरोबर घेऊन मी जाऊन आले. गाडी कोरेगावला थांबली तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि पदर तोंडावर ओढून बसले. तुम्ही फलाटावर असाल अशी मला उगीचच धास्ती होती. आई म्हणाली, “पळून चालल्यासारखी काय बसलीस!”

काय सांगू मामा! डॉक्टरांनी औषधाचे थेंब टाकून डोळा बधिर केला आणि त्यावर चक्क पातळ लगदा ओतून डोळ्याचा साचा काढला. गणपतीचा काढतात तसा! मी आईचा हात इतका आवळला की तिची बांगडी पिचली. त्या साच्यावरून त्यांनी वाट्या केल्या. त्या घालायची तऱ्हा ऐकाल तर पुन्हा चहा सांडाल. वाटीत मिठाचं पाणी काठोकाठ भरायचं, मान खाली वाकवायची, दोन्ही पापण्या ताणून धरायच्या आणि वाटी खालून वर डोळ्यात दाबायची. आत हवेचा बुडबुडा राहिला की काढा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिल्या खेपेला मी अशी किंचाळले की बाहेर बसलेलं एक म्हातारं उठून निघून गेलं.

आणि मग मी डोळे उघडले. मामा, सगळं मोठं झालं होतं! माझ्या चष्म्यातून सगळं लहान दिसतं हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. समोर आई उभी होती. एवढी मोठी माझी आई! मी तिच्याकडे बघतच राहिले आणि ती घाबरून रडायला लागली, पोरीला काय झालं म्हणून.

तरी सुख म्हणावं असं नाही. दोनेक तासांनी डोळे लाल होतात, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागतात, मग काढाव्याच लागतात. शाळेत दिवसभर चष्माच हवा. म्हणजे माझं अजून धड ठरलेलं नाहीच. पण कार्यक्रमापुरत्या घालीन म्हणते. तुमचंही राहील, माझंही राहील.

एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढून जात नाही. त्या दवाखान्यात एक ट्रे होता आणि त्यात डोळेच डोळे! काळे, पिंगट, घारे. लढाईत डोळा गेलेल्यांसाठी ते करतात म्हणे. एक शिपाई बसवून घ्यायला आला होता. मोठा हसरा. मला म्हणाला, “बाई, ओळखा, खरा कंचा?” मला ओळखेना. मग त्याने आपलं बोट तोंडापुढून इकडून तिकडे नेलं. एक डोळा बोटामागे गेला, दुसरा होता तिथेच राहिला. त्या दिवशी मला घास गेला नाही.

उत्तर पाठवा. रागाचं असलं तरी पाठवा.

मनू

—

कोरेगाव,
११ फेब्रुवारी

मनू,

ग्येलीस म्हंजे ग्येलीसच! पत्र हातात धरून बसलो. मामी पानी दिऊन ग्येली ते तसंच ऱ्हायलं.

त्या असल्या ठिकाणी जायाचं काय कारन हुतं? त्यो ट्रे, त्ये डोळं, ह्ये काय पोरीबाळींनी बघायचं असतं व्हय? आन् त्या शिपायाशी बोलत काय बसलीस? इसरून जा ते समदं. कुनापुढं बोलू बी नगंस, लोनंदच्या मानसांपुढं तर आजिबात न्हाई.

आता नीट ऐक. कार्यक्रम येत्या रविवारनंतरच्या रविवारी, आमच्याच घरी, दिवेलागनीला. दिवसा त्येंला जमत न्हाई. तू दारासमोरच्या पाटावर बसायचं, मान खाली. पोराकडं टक लावून बघायचं न्हाई, चांगल्या घरची पोरगी तशी बघत नसती. त्या काचा सांगलीतच ठिवून ये. तुला माजी शपत हाय. चष्मा तर न्हाईच न्हाई.

मामा

—

सांगली,
ता. २२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिला नाही.

शपथ मी मोडली. तुमच्या न्हाणीघरात बसून मामींच्या मिठाच्या पाण्याने मी दोन्ही लेन्स घातल्या आणि बाहेर आले. तुम्ही माझ्या नाकाकडे बघितलंत, चष्मा नाही म्हणून तुमचा जीव भांड्यात पडला. माझे लाल डोळे बघून तुम्हाला वाटलं, रडली असेल.

राहीबाईंनी सुईदोरा पुढे केला. मी एका दमात ओवला. सगळे “वा!” म्हणाले आणि तुमचं तोंड उतरलं. भाची जिंकली आणि मामाचं तोंड उतरलं! तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी आपली खुशीत. मान खाली घातलेली होती, तरी पापण्यांच्या फटीतून मुलाकडे बघत होते. तुम्ही त्याला कोपऱ्यात, खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. नाक सरळ. कपाळावर जुना वण. मला आवडला, मामा. खोटं कशाला बोलू, आवडला.

मग मामी कंदील घेऊन आल्या. आडव्या चालत देवळीपर्यंत गेल्या. त्याने वळून कंदिलाकडे बघितलं. एक डोळा कंदिलामागे गेला. दुसरा होता तिथेच राहिला.

हातातली कपबशी मी तशीच पाटावर ठेवली. जागेवरून उठले ती थेट परसात. पाठोपाठ राहीबाई आल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. मला काही सुचेना, मी म्हटलं, “आत्याबाई, माझ्याही डोळ्यांत काच आहे. मला चष्मा आहे, मोठ्या नंबरचा. तुम्हाला चष्मेवाली चालत नाही म्हणून लपवलं.” त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. म्हणाल्या, “आगं, कोन म्हनलं? चष्म्याचं आमी कवा काढलंच न्हाई. माज्या लेकाचा एक डोळा इटलीच्या लढाईत ग्येला, आन् मी कुनाच्या चष्म्याला नावं ठिवू व्हय? तुला समदं सांगितलंय म्हनाले की सुभेदार, तुजं मामा.”

मामा, आई म्हणते मी त्याचा डोळा बघून हादरले. नाही हो. डोळ्याचं काय, तो लढाईत गेला, त्याने कुठे चोरी केली? मी हादरले ती तुमच्यामुळे. राहीबाईंना चष्मा चालत नाही हे तुम्ही मनानेच रचलंत. चष्मा त्यांना दिसू नये म्हणून काढायचा नव्हता. मला दिसू नये म्हणून काढायचा होता. म्हणून दिवेलागण, म्हणून मान खाली, म्हणून फोटो नाही!

माझ्या आंधळेपणाच्या भरवशावर तुम्ही माझं लग्न ठरवत होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला काठी घेऊन मारायला धावला असतात.

मनू

—

कोरेगाव,
२७ फेब्रुवारी

मनू,

तुजं पत्र तुज्या मामीनं वाचलं, म्या न्हाई. मला वाचवंना. वाचून झाल्यावर तिनं माज्याकडं असं बघितलं की आज तिसरा दिवस, माजं ताट आदळूनच म्होरं येतंय.

व्हय, रचलं. म्याच रचलं. पन का रचलं ते तर इचार! तुला धा ठिकानी दाखीवली, धा जनांनी चष्म्याला नाक मुरडलं. त्याला धा पोरी सांगून आल्या, डोळ्याचं नाव काढलं की समद्या पळाल्या. तू माजी लाडाची भाची, त्यो माज्या जोडीदाराचा ल्येक. दोगं बी सोन्यासारखी, आन् दोगांस्नी बी लोकांनी भंगारात काढलेली. म्या म्हनलं, एकदा गाठ पडू दे. एकदा लगीन झालं की ती त्याच्या सोभावावर भाळल, डोळ्याकडं बघनारच न्हाई. काय चुकलं माजं?

मामी म्हनती, समदं चुकलं. तिला म्या आज पयल्यांदा इचारलं, अंतरपाट दूर झाल्यावर तुला कसं वाटलं हुतं गं? ती म्हनाली, “मला वाटलं, ह्ये न्हवं. मला सांगितल्याला दुसराच.” एवढी वरसं झाली, मनू, आन् ती ह्ये मला आज सांगती!

आता काय म्हनू? तू म्हनशील तसं. पन त्या पोराचा राग करू नगंस. त्याला यातलं कायबी ठावं न्हाई.

मामा

—

लोणंद,
५ मार्च

मनुबाई यांस जोतीराम याचा रामराम.

पत्र लिवायची मला सवय न्हाई. पलटनीत दुसऱ्याकडून लिवून घेत हुतो. पन ह्ये दुसऱ्याला सांगन्याजोगं न्हाई.

आईनं परवा समदं सांगितलं. सुभेदारकाका म्हनाले हुते की पोरीला डोळ्याचं सांगितलंय, तिची हरकत न्हाई. त्या दिवशी खिडकीकडं तोंड करून बसलो ते बी त्येंनीच सांगितलं म्हनून. म्हनले, पोरगी भित्री हाय, एकदम म्होरं बघू नगं. मला लपून बसायचं न्हवतं. लपून बसायचं असतं तर लढाईला कशाला गेलो असतो?

तुमची फसवनूक झाली. माजी बी झाली, पन माजं सोडा. नकार तुमच्याकडनं आला असं मी समद्यांस्नी सांगतो, म्हंजे पोरगी नाकारली असा बोल तुमच्यावर यायचा न्हाई. सुभेदारकाकांवर लय रागावू नका. माज्या बापामागं त्येंनीच आमाला बघितलं.

एक इचारायचं हुतं. तुमच्या त्या काचा टोचत न्हाईत? माजी थंडीत लय टोचती.

जोतीराम

—

सांगली,
ता. २१ मार्च

मामा,

नमस्कार. हा मामींच्यासाठी आहे, तुम्ही निम्माच घ्या.

जोतीरामांचं पत्र आलं. ते वाचून मी आईला म्हटलं, यांना इथे बोलाव. आई म्हणाली, मुलीने मुलाला बोलवायचं असतं का? मी म्हटलं, मामाने भाचीला फसवायचं असतं का? मग तिने कार्ड टाकलं.

ते काल येऊन गेले. राहीबाईही आल्या होत्या. मी अंगणात, भर दुपारच्या उन्हात घोंगडी टाकली आणि त्यांना समोरासमोर बसवलं. चष्मा घालून बसले. आई आतून खुणा करत होती, मी बघितलं नाही. मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांकडे सावकाश बघून घेतलं. त्यांनाही बघू दिलं. मग मी म्हटलं, “चष्म्यात माझे डोळे बारीक दिसतात. हवं तर लेन्स घालून येते.” ते म्हणाले, “नगं. बारीक असू द्यात. माज्याकडं बघताय ह्ये कळतंय तेवढं बास.”

मामा, मला हसूही आलं आणि रडूही आलं. तुमचं पोरगं सोनं आहे हे खरं निघालं. म्हणून तर तुमचा जास्तच राग आला. एवढं खरं सांगण्यासारखं होतं आणि तुम्ही खोटं बोलत बसलात!

नंतर त्यांनी लेन्स बघायला मागितल्या. मी डबी आणून दिली. तळहातावर घेऊन किती तरी वेळ उलटसुलट करून बघत होते. टोचतात का, हे पुन्हा विचारलं. टोचतात म्हटलं. मग आम्ही दोघं मिठाचं पाणी किती घालावं यावर बोलत बसलो आणि चहा गार झाला. राहीबाई म्हणाल्या, “ह्येंच्या संसारात मिठालाच बरकत.”

लेन्स मी टाकून देणार नाही. मनाला वाटेल तेव्हा घालीन, नाही तेव्हा चष्मा आहेच. ते माझं मी ठरवीन. तुम्ही तेवढं सोडून द्या.

मी होकार दिलाय. त्यांनीही, माझ्यासमोर, मोठ्याने.

आता तुमचं काम. लग्नात मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो, तुम्हीही राहायचं. अजून मी रागावलेली आहे, तरी राहायचं. अंतरपाट दूर होईल तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा असेल, आणि जे दिसेल ते मला आधीच ठाऊक असेल. मामींनाही पहिल्या रांगेत बसवा, त्यांना ते बघू दे.

फक्त भटजींकडे जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. दिवेलागणीचा, गोरज मुहूर्त काढलात तर मी पाटावर उभी राहणार नाही. मुहूर्त दुपारचा काढा.

तुमची,
मनू